सातवं पाणी

"गयाबाई, इकडे या! हातातलं सोडा आणि आधी इकडे या!"

उकळत्या पाण्याच्या भांड्यातून मी चार नळ्यांचं स्टँड चिमट्याने नुकतंच बाहेर काढलं होतं. गयाबाई धावतच आल्या. हातांना साबणाचा फेस तसाच.

"काय झालं? भाजलं काय म्याडम?"

"भाजलं नाही हो. रंग बघा, रंग!"

त्यांनी वाकून पाहिलं. तीन नळ्या विटकरी लाल झाल्या होत्या, नव्या कौलासारख्या. चौथी पिवळीधमक.

"लई लाल झालंय," त्या म्हणाल्या. "मंग हे चांगलं का वाईट?"

"चांगलं! दोन वर्षांत पहिल्यांदा चांगलं!" असं म्हणून मी त्यांना फेसासकट मिठी मारली. माझ्याकडून त्यांना बोलणी खायची सवय होती, मिठीची नव्हती. त्या अवघडून हसल्या आणि पुन्हा बेसिनकडे गेल्या. मला तेव्हा त्यांच्याकडे बघायला फुरसत कुठली?

ही गोष्ट १९९४च्या फेब्रुवारीतली, जालन्यातल्या एका कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतली. मी, शिवकांता मठपती, तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि चौसाळकर सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. गयाबाई साळवे तिथे अकरा वर्षं रोजंदारीवर होत्या. काचसामान धुणं, वाफेच्या दाबाने जंतू मारणारा ऑटोक्लेव्ह लावणं, फरशी पुसणं, सगळं त्यांच्याच अंगावर.

माझा विषय होता एक काळी बुरशी. मोंढ्याजवळ ज्यूसच्या गाड्यांमागे मोसंबीच्या सालींचे ढीग पडत, त्यातून मी ती स्वतः नाक दाबून उचलून आणली होती. साल कुजवण्यासाठी ती एक एन्झाइम सोडायची. फळांचा गढूळ रस नितळ करायला तेच एन्झाइम लागतं. प्रश्न एवढाच होता, की तिला काय खायला घातलं म्हणजे ती ते भरपूर सोडेल?

पहिलं दीड वर्ष मी तिला लाडावून ठेवलं. ग्लुकोज घातलं, गूळ घातला, शेंगदाण्याची पेंड घातली. ती मस्त फोफावली, फ्लास्कभर काळी मखमल पसरली, आणि एन्झाइम मात्र नावापुरतं. शेवटी सर म्हणाले, "आयता डबा मिळतोय तिला, चूल कशाला पेटवेल? साखर बंद कर. नुसत्या सालींवर आणि चिमूटभर पेंडीवर ठेव." मी साखर बंद केली. गाड्यांवरून साली आणून, वाळवून, कुटून बरणीत भरायच्या आणि त्यावर बुरशी वाढवायची, असं जानेवारीपासून चाललं होतं. तरीही ती ढिम्म. सरांनी मार्चअखेरची मुदत दिली. तोवर काही दिसलं नाही तर बुरशी ऑटोक्लेव्हमध्ये घालून मारायची आणि मी विहिरींच्या पाण्याचे नमुने तपासायला घ्यायचे. विहिरींच्या पाण्याशी माझं वैर नव्हतं, पण त्या बुरशीवर माझा जीव जडला होता. हसा हवं तर.

एन्झाइम किती झालं हे बघायची आमची रीत सोपी होती. फ्लास्कमधला अर्क काढायचा, त्याला साल मऊ करायचं काम द्यायचं, मग एक पिवळं रसायन घालून उकळायचं. एन्झाइमने जितकं काम केलं असेल तितका रंग लाल. एका नळीत मात्र आधीच उकळून मारलेला अर्क घालायचा, म्हणजे एन्झाइमशिवाय कितपत लाली येते तेही कळतं. आजवर माझ्या चारही नळ्या सारख्याच नारिंगी यायच्या. आणि आज तीन विटकरी!

मी स्टँड उचलून तशीच पळत सुटले. सर बी.एस्सी.च्या वर्गावर होते. मी दार ढकललं, तशी पोरं खिदळायला लागली.

"मठपती, आग लागली आहे का?" सरांनी विचारलं.

"हो सर! म्हणजे नाही. हे बघा!"

सरांनी नळी खिडकीशी धरली. पोरांना विसरून ते चांगलं मिनिटभर बघत राहिले. तास तसाच सोडून आम्ही प्रयोगशाळेत आलो आणि त्यांनी स्वतः रंग मोजायच्या यंत्रावर आकडा घेतला. नेहमीच्या आठ पट.

"आठ पट!" मी ओरडले.

"पुन्हा कर," सर म्हणाले. "आणखी दोनदा आलं की काय नाचायचं ते नाच." पण त्यांचाही आवाज नेहमीचा नव्हता.

मी पुन्हा केलं. नव्या साली आणल्या, वाळवल्या, कुटल्या. पाच दिवस फ्लास्कांवर नजर ठेवून बसले. सहाव्या दिवशी चारही नळ्या नारिंगी. मी म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं. आणखी एकदा केलं, प्रत्येक वजन दोनदा करून. पुन्हा नारिंगी. तोंडची चव गेली. आई डब्यात आवडीची शेंगदाण्याची पोळी द्यायची, तीही तशीच परत जायला लागली.

मार्चच्या एका सोमवारी सकाळी सरांनी माझी वही मागवली. आमच्याकडे वहीचा दंडक कडक होता. पान फाडायचं नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ, शेजारी बरोबर आकडा. अख्खं पान चुकलं तर त्यावर तिरपी रेघ मारायची, ठळक अक्षरांत 'चूक' लिहायचं आणि खाली सही करायची. सरांनी आठ पटीचं पान उघडलं. गयाबाई तिथेच फरशी पुसत होत्या.

"मठपती, हे जे लिहिलंस, ते तू खरंच पाहिलं होतंस ना?"

"सर, तुम्ही स्वतः आकडा घेतला होता!"

"मी नळीचा घेतला. नळीत काय घातलं होतंस ते तुलाच माहीत."

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मी मनाचे आकडे सांगत नाही, सर."

"मग पुन्हा दाखव. शनिवारी आपला अहवाल विद्यापीठात जातोय. चारपर्यंत दाखवलंस तर हे पान त्यात जाईल. नाही तर त्यावर 'चूक' लिही, सही कर, आणि सोमवारपासून विहिरी."

सर दुष्ट नव्हते. त्यांच्या जागी आज मी आहे आणि मीही हेच म्हणाले असते. पण त्या दिवशी मला त्यांचं तोंड बघवेना. पाच दिवस फ्लास्क वाढायला लागतात, म्हणजे शनिवारी दाखवायचं तर आजच संध्याकाळच्या आत ते लावायला हवे होते. आणि काय बदलायचं हे तर मला ठाऊकच नव्हतं.

सर गेल्यावर मी तीन वेळच्या नोंदींची पानं आलटून पालटून बघत बसले. वजनं तीच, पेंड तीच, तापमान तेच. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. दुसऱ्यांदा वाचताना बोट अडकलं. चौथी नळी! मारलेल्या अर्काची. नापास झालेल्या दोन्ही वेळी ती नारिंगी होती. त्या दिवशी मात्र पिवळीधमक. लाल नळ्यांच्या आनंदात मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, फक्त सवयीने लिहून ठेवलं होतं.

मारलेल्या अर्कात एन्झाइम नसतं. मग नारिंगी कशानं येत होतं? साखरेनं! अर्कात आधीपासूनच असलेल्या साखरेनं. मी वरून साखर घालत नव्हते म्हणून साखर नाहीच असं धरून चालले होते, आणि ती सालींबरोबर आत येत होती. ज्यूसच्या गाड्यांवरच्या साली, रसानं माखलेल्या! म्हणजे बुरशीला डबा मिळतच होता. फक्त त्या एका वेळी मिळाला नव्हता.

मी खुर्चीवरून उठलेच. "पण त्या वेळची साखर गेली कुठे?" मी एकटीच मोठ्याने म्हणाले. "बरणीतल्या सालींमधली साखर गेली कुठे?"

"मोरीत," गयाबाई म्हणाल्या.

मी वळून पाहिलं. त्या फरशीवरच बसल्या होत्या, ओलं फडकं दोन्ही हातांत पिळून धरलेलं.

"काय म्हणालात?"

"मोरीत गेली म्याडम. म्या धुतल्या व्हत्या साली." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बरणीत मुंग्या झाल्या व्हत्या. ह्या अशा, रांगच्या रांग. ऐतवारी तुमी नव्हत्या. म्या म्हनलं, आता ह्या साली फेकल्या तर तुमी वरडणार, ठिवल्या तर मुंग्या बगून वरडणार. मंग धुतल्या, गच्चीवर वाळवल्या आन् पुन्ना भरून ठिवल्या. कुनालाच कळलं न्हाई."

"गयाबाई! इतके दिवस सांगितलं का नाही?"

"काहून सांगू? मागल्या वर्सी तुमचं ते बुरा आलेलं भांडं म्या साबनानं घासलं व्हतं, याद हाय का?"

होतं. फ्लास्कात सडलेलं काहीतरी आहे असं समजून त्यांनी माझी महिन्याभराची बुरशी स्वच्छ घासून पालथी घातली होती. मी अख्खी इमारत डोक्यावर घेतली होती.

"तुमी सरांकडं गेल्या. सरांनी मेमो देला. न इचारता कशाला हात लावला तर घरी बसायचं, असं लिहून त्यावर माझा अंगठा घेतला. आता ह्या महिन्यात कायम करायची यादी निगनार हाय. अकरा वर्सं झाली म्याडम." त्यांनी फडक्यानेच डोळे पुसले. "पर आज सर तुमाला खोटं म्हनले. ते काय मला ऐकवलं न्हाई."

मला तो मेमो माहीतच नव्हता. मी ओरडले होते, सरांकडे तक्रार केली होती, आणि दुसऱ्या दिवशी विसरूनही गेले होते. मला फार लाज वाटली. पण खरं सांगते, त्या लाजेच्या वर आनंदानेच उडी मारली. मी त्यांना दंडाला धरून उभं केलं.

"चला."

"कुठं?"

"साली धुवायला. तुम्ही त्या दिवशी जसं केलंत, तस्संच. काही बदलायचं नाही."

"आन् माझं नाव?"

"घेणार नाही. शपथ."

बरणी, घमेलं आणि गाळणी घेऊन आम्ही मागच्या नळावर गेलो. गयाबाईंनी साली घमेल्यात ओतल्या, पाणी सोडलं, तांदूळ धुवावेत तशा हलक्या हातानं चोळल्या आणि पाणी गाळून मोरीत ओतलं. पुन्हा पाणी, पुन्हा चोळणं. मग त्यांनी जे केलं ते बघून मी किंचाळलेच. गाळलेल्या पाण्यात बोट बुडवून त्यांनी ते जिभेला लावलं.

"गयाबाई! प्रयोगशाळेतलं काही तोंडात घालतात का?"

"आजून गोड हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "गोड हाय तवर मुंग्या येनारच."

हसावं की रडावं मला कळेना. मी दोन वर्षं महागड्या रसायनांनी साखर मोजत होते. आणि ही बाई जिभेनं मोजत होती! मीही बोट बुडवलं, चाखलं. कडवट, पण मागे खरंच गोडी होती. मग मी बडबडतच सुटले. बुरशीला गोड मिळालं नाही की तिला साल फोडावीच लागेल, फोडायला एन्झाइम सोडावंच लागेल, आपण तिला उपाशी ठेवत नाही, कामाला लावतोय, असं काय काय मी त्यांना सांगत होते. त्या हुं हुं करत होत्या आणि घमेलं रिकामं करून भरत होत्या. अखेरीस त्यांनी बोट चाखलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "आता नुसतं पानी."

जालन्याचं मार्चमधलं ऊन एरवी नकोसं होतं. त्या दिवशी मी त्याचे उपकार मानले. गच्चीवर पातळ पसरलेल्या साली तीन तासांत कुरकुरीत झाल्या. साडेचारला फ्लास्क भरले, गयाबाईंनी ऑटोक्लेव्ह लावला, दाबाच्या काट्यावर पंधरा पौंड येईपर्यंत समोरून हलल्या नाहीत. साडेसहाला मी फ्लास्कांत बुरशी सोडली तेव्हा आम्ही दोघींनी दुपारपासून काही खाल्लं नव्हतं हे लक्षात आलं. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची पोळी आम्ही अर्धी अर्धी खाल्ली.

पुढचे पाच दिवस कसे गेले ते विचारू नका. बुरशी नेहमीपेक्षा विरळ वाढत होती. एरवी मी घाबरले असते. या वेळी प्रत्येक सकाळी तिचा तो रोडका अवतार बघून मला हुरूप येत होता. गयाबाई येता-जाता काचेतून डोकावायच्या आणि हळूच विचारायच्या, "काम करतिया का?"

शनिवारी दुपारी तीनला सर आले. अहवालाची फाईल बगलेत, पेन खिशाला. "मला दे," म्हणाले आणि पिपेट माझ्या हातातून काढून घेतलं. सगळं त्यांनी स्वतः केलं. मला नळीला हातही लावू दिला नाही. चार नळ्या उकळत्या पाण्यात उतरल्या. दहा मिनिटं. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. गयाबाई बेसिनपाशी तोच एक फ्लास्क पुन्हा पुन्हा विसळत होत्या.

तिसऱ्या मिनिटाला पहिली नळी गडद व्हायला लागली. मग दुसरी. मग तिसरी. पाचव्या मिनिटाला त्या तिन्ही विटकरी झाल्या आणि चौथी तशीच, पिवळीधमक! सरांनी स्टँड बाहेर काढलं, यंत्रावर आकडा घेतला, काच पुसून पुन्हा घेतला. मग स्टुलावर बसले.

"नऊ पट," ते म्हणाले.

मी दोन्ही हात तोंडावर दाबून धरले, नाही तर कॉलेजभर ऐकू गेलं असतं.

"मठपती, मी तुला नको ते बोललो." सर उठून उभे राहिले. त्यांचे डोळे चमकत होते. पन्नाशीचा माणूस शाळकरी मुलासारखा दिसत होता. "आता सांग! काय केलंस?"

"साली धुतल्या, सर. गार पाण्यानं. सालीतली साखर निघून गेली, म्हणून तिला एन्झाइम सोडावंच लागलं."

"साखर! सालीतली साखर! अगं, मलाही सुचलं नाही." त्यांनी वही माझ्यासमोर सरकवली, पेन दिलं. "लिही आत्ताच. अहवालात हेच जाईल. किती वेळा धुतल्या?"

"पाच वेळा," मी म्हणाले आणि लिहिलं, पाच.

"सात."

सरांनी मान वळवली. मीही. गयाबाई बेसिनपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. नळ चालूच होता. त्यांनी तो बंद केला आणि त्या वळल्या. चेहरा पांढरा पडला होता.

"पाच न्हाई. सात पानी झाले. पाचव्याला गोड व्हतं. साव्याला बी थोडं व्हतं. सातव्याला न्हाई."

"तुम्हाला काय माहीत?" सरांनी विचारलं.

"म्याच धुतल्या. ह्या बी आन् त्या आदल्या बी. न इचारता." त्यांनी हातातला फ्लास्क खाली ठेवला. "मेमो द्यायचा तर द्या सर. पर पाच लिवलं तर पुडच्या वेळी लाल येनार न्हाई. मंग पुन्ना ह्या पोरीला खोटं म्हनसाल."

मी हातातल्या पेनकडे बघत होते. मी पाणी मोजलंच नव्हतं. मी बडबडत होते. सरांनी विचारलं, तेव्हा पाच हा आकडा शोभून दिसेल असं वाटलं आणि तोंडातून निघून गेला. मनाचा आकडा सांगितल्याच्या ज्या संशयापायी मी पाच दिवस तळमळत होते, तेच काम मी आत्ता, सगळं खरं ठरल्यावर, हसत हसत केलं होतं. आणि ते फक्त एका माणसाला दिसलं होतं.

"गोड कळलं कसं?" सरांनी गयाबाईंना विचारलं.

"चाखलं."

सरांनी फाईल टेबलावर ठेवली. "सोमवारपासून साली तुम्ही धुवायच्या, गयाबाई. कायम करायच्या यादीसाठी मी प्राचार्यांकडे आजच जातो, मेमो मी परत घेतला असं लिहून देतो." ते माझ्याकडे वळले. "आणि तू मोजायला शीक."

"हो सर," मी म्हणाले.

मी पाचवर एक रेघ मारली आणि शेजारी सात लिहिलं. गयाबाई पदराला हात पुसत टेबलापाशी आल्या आणि वहीवर वाकल्या. त्यांना अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. मी लिहिलेल्या आकड्यावर त्यांनी ओलं बोट ठेवलं, नीट पाहिलं.

"हां," त्या म्हणाल्या. "आता बराबर हाय."